बंड्याच्या घशात उतरलेली नळी

मी एक जुनी दुर्बिणीची नळी आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका. ते काम मीच जन्मभर केलंय. माझ्या एका टोकाला उजेड, दुसऱ्या टोकाला बघायची काच. पोट न फाडता मी आतलं दाखवते. आधी माणसांच्या दवाखान्यात माझा काय थाट होता! तिथे नवी नळी आली आणि १९८६ साली मला अंधेरीच्या डॉक्टर शिवदासांकडे धाडलं. चक्क जनावरांच्या डॉक्टरांकडे! कुत्र्यांची लाळ, मांजरांनी गिळलेले केसांचे बोळे. शी!

एका सकाळी वर्सोव्याची राधा कोळीण आपल्या बंड्या कुत्र्याला उचलून घेऊन आली. तिच्या अंगाला सुक्या बोंबलांचा वास. मी खोक्यातल्या खोक्यात अंग चोरलं.

"डॉक्टर, काल दुपारी यानं घोल मासलीचा काटा गिलला. आमच्यात काटा आरकला का भाताचा गोला गिलतान, म्हून मी पन तीन गोले चारले."

"अगं बाई, वाट लावलीस! काटा आणखी रुतला असणार. अन्ननळी फाटली तर कुत्रा हातचा जाईल."

राधानं बंड्याला छातीशी घट्ट धरलं. "असं नको बोलू, डॉक्टर. नवरा गेला, आता घरान ह्योच हाय मना."

बंड्याला गुंगी देऊन डॉक्टरांनी मला आत सोडलं. शी शी शी! समोर नुसता आंबूस, बुळबुळीत भात. माझं उजेडाचं टोक बरबटलं, काही दिसेना. डॉक्टर माझ्यातून पाणी सोडत, लगदा ओढून घेत राहिले. ओकून टाकावं असं वाटलं, पण मला कुठलं पोट! अखेर तो पांढरा काटा दिसला. माझ्यातून चिमटा पुढे सरकला, निसटला, पुन्हा सरकला. या खेपेला काटा बाहेर आला. थोड्या वेळानं बंड्यानं शेपटी हलवली आणि राधा हमसून रडली.

मला बघून कंपाउंडर खंडू म्हणाला, "ईऽ! मी नाय हात लावणार. संध्याकाळी बघू."

संध्याकाळपर्यंत आतला भात वाळून घट्ट झाला असता आणि मी कायमची कामातून गेले असते.

राधानं डोळे पुसले. "दे इकरं. मासली साफ करनाऱ्या हाताला कसली रे घान?"

डॉक्टर सांगत गेले तसं तिनं साबणाच्या कोमट पाण्यानं मला धुतलं, आतून ब्रश फिरवला, बघायच्या काचेला थेंबही लागू दिला नाही, तिथे पाणी शिरलं तर मी आंधळीच. एकेक शीत काढलं आणि शेवटी पदरानं पुसलं.

मित्रांनो, जनावराच्या घशात काटा अडकला तर भात चारू नका, डॉक्टरांकडे न्या. आणि जो तुमच्यासाठी घाणीत उतरतो, त्याला धुताना नाक धरू नका. त्यानंतर दोन दिवस माझ्या अंगाला बोंबलांचा वास येत होता. तिसऱ्या दिवशी खंडू तो घालवायला साबण घेऊन आला, तेव्हा मला पहिल्यांदा साबणाची किळस आली.