उशिरा लागलेला सूर

"असंच हवं, पण हे नको," तरुण दिग्दर्शिका टॅमसिन म्हणाली आणि तिने पडद्यावरचा प्रसंग पुन्हा लावला. बाप मरतो, मुलगी खिडकी बंद करते. मागे तात्पुरती एक जुनी धून टाकलेली. "आमच्या संकलकाला कुठल्याशा संग्रहात सापडली. हक्क जुन्या स्टुडिओकडे, ते काही मिळत नाहीत. तुम्ही हिच्या जवळ जाणारं द्या."

वेंडेलने मान हलवली. सकाळी व्हर्नाने, त्याच्या बायकोने, बजावलंच होतं, "ऐकू आलं नाही तरी मान हलव. कानांचं रडगाणं तिथे लावू नकोस." पण ही धून ओळखायला त्याला कान लागत नव्हते. ती त्याचीच होती.

हॉलिवूडशेजारच्या बरबँकमध्ये, स्टुडिओंच्या गावात, त्याची उभी हयात गेली. मालिका काढल्या, त्यांचं संगीतही स्वतःच केलं. गेली कित्येक वर्षं मात्र कुणी फोन केला नव्हता. हे काम हातचं गेलं तर कुणी करणारही नव्हतं.

आठवडाभर तो संगणकापुढे बसला. स्वतःचीच नक्कल, आणि तीही धड जमेना.

"सगळं आहे हो," त्याची धून ऐकून टॅमसिन म्हणाली. "पण तिकडे क्लॅरिनेटच्या आधी जरा थांबतं ना, तिथे माझं काळीज हलतं. तुमचंही थांबतं, पण तिथे कुणीच नाही."

कसं असेल? ती धून ध्वनिमुद्रित झाली त्या दिवशी त्याचा वादक क्लॅरेन्स नुकताच सख्ख्या भावाला पुरून आला होता. क्लॅरिनेट ओठांना लावली आणि त्याला फुंकच येईना. सूर उशिरा लागला. निर्माता म्हणून वेंडेलने ती चूक तशीच ठेवली होती. रचलेली ती नव्हतीच.

"आणखी दोन दिवस दे गं पोरी. करतो मी," तो अजिजीने म्हणाला.

"नको, वेंडेल. दमलात तुम्ही." ती खरंच हळवी झाली होती. "ती जुनी धून कुणाची हो? माणूस असेल अजून, तर त्यालाच गाठू या."

'मीच तो' हे अगदी ओठांवर आलं. पण मग हे समोरचं मेलेलं काम कुणाचं म्हणून सांगायचं?

"ओळखायचो मी त्याला," तो म्हणाला. "गेला तो."

"अरेरे!" म्हणत तिने जुनी धून पुन्हा लावली आणि ती पडद्याकडे बघू लागली. धून थांबली, तसा वेंडेलचा हात आपोआप वर गेला, क्लॅरेन्सला खूण करायला. सूर लागेपर्यंत तो तसाच राहिला.