बुडायच्या आदल्या दिवशीची आंघोळ

मी इनाबा बोलतेय. कुरे बंदराच्या गोदीत जन्मलेली जपानी युद्धनौका. आता समुद्राच्या तळाशी आडवी पडलेय, पण आवाज अजून शाबूत आहे.

मला पाण्यात सोडलं त्या दिवशी अख्खं गाव लोटलं होतं. गर्दीत भाजलेली रताळी विकणारी ओकुमे होती. मान वर करकरून माझ्याकडे बघत ती लेकाला म्हणाली, "मोहेई, एवढा लोखंडाचा डोंगर तरंगेल होय रे? इथे सुई टाकली तरी बुडते."

दोर कापला, कबुतरं उडाली आणि मी पाण्यावर डुलायला लागले. ओकुमेने टोपली खाली ठेवून मला हात जोडले. खरं सांगते, मीच थक्क झाले होते. एवढीएवढीशी माणसं, पण केवढं काम करून बसली होती!

मोठा होऊन मोहेई माझ्यावरच तोफची झाला. रोज पहाटे अनवाणी पायांनी, नारळाचं अर्धं सोडण घेऊन माझा डेक घासायचा. माझ्या तोफा धडाडल्या की किनाऱ्यावरच्या घरांची दारं थरथरत. मोहेई मात्र नेम धरताना श्वासही जपून घ्यायचा.

मग मोठमोठ्या देशांनी बसून ठरवलं की युद्धनौका फार झाल्या, कमी करा. त्यात माझा नंबर लागला. नव्या नौकेने तोफांचा सराव करायचा आणि निशाणा मी. त्या नव्या नौकेवर तोफची कोण, तर मोहेईच.

आदल्या दिवशी माझ्या देव्हाऱ्यातला देव किनाऱ्यावर न्यायला तो आला, सोबत त्याचा दोस्त सेन्किची. देव कापडात गुंडाळून झाला. मग मोहेईने माझा मळका डेक पाहिला आणि बाह्या सरसावून सोडणाने घासायलाच बसला.

"डोकं फिरलंय का तुझं? उद्या बुडणारीला आज न्हाऊ घालतोयस," सेन्किची हसला.

"आमची म्हातारी गेली तेव्हा तिला नाही का घातली आंघोळ? तू पाणी ओत, तोंड कमी चालव."

सेन्किचीने बादली उचलली. निघताना मोहेई डेकला कपाळ टेकवून पुटपुटला, "इनाबा, हट्ट करू नकोस हं. पटकन जा. माझ्या हातून तुझे हाल नकोत."

मलाही तेच हवं होतं. पण करणार काय, मला घडवलंच होतं न बुडण्यासाठी. दुसऱ्या दिवशी गोळ्यांमागून गोळे बसले. डोलकाठी गेली, धुराडं गेलं, दुपार कलली तरी मी उभीच. नव्या नौकेवरच्या पोरांच्या टाळ्या हळूहळू थांबल्या.

तेव्हा मोहेईने नेम खाली आणला. पाण्यालगत, जिथे आतल्या बाजूला तो वर्षानुवर्षं झोळी बांधून झोपला होता. तिथला जोड लाटेसरशी कुरकुरतो, हे त्याच्या पाठीइतकं कुणाला ठाऊक? एकच गोळा पुरला. मी कलंडले.

नौकेला निरोप देताना टोपी हलवायची, ही आमच्याकडची रीत. सगळ्यांच्या टोप्या वर गेल्या. मोहेईच्या हातात मात्र कालचं सोडण होतं. तेच तो हलवत राहिला, आणि शेवटी त्याने ते माझ्याकडे भिरकावलं. मी खाली जात होते आणि ते वर लाटांवर तरंगत होतं.

बाबांनो, हव्या तेवढ्या नौका बांधा. पण त्यांना बुडवायला त्यांचीच माणसं लावू नका. माझा मोहेई त्या संध्याकाळी दोन घास जेवला की नाही, हे मला इथे कोण सांगणार?