आडवा पाडलेला दगड

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे आणि माझा स्वभाव चांगला नाही. हे आधीच सांगितलेलं बरं.

क्योतोच्या उत्तरेला, डोंगरातल्या एका ओढ्यात मी उभा होतो. पाणी माझ्या डोक्यावरून उतरे आणि माझं तोंड धुऊन पुढे जाई. एके दिवशी कुमाझो नावाचा बागा रचणारा कारागीर आला. माझी पाठ थोपटून म्हणाला, "वा! धबधब्याला असाच गडी हवा." मी फुगलोच. वर काय आणि खाली काय हे विसरू नये, म्हणून त्याने माझ्या डोक्यावर शाईची खूण केली. मग गवती दोरांनी बांधून मला मिनेगिशीच्या बागेत आणलं. हा मिनेगिशी तांदळाची दारू बनवणारा बडा व्यापारी.

तिथे चिकणमाती धोपटून तळं तयार होतं. मला उभं करायला खड्डाही खणला होता. तेवढ्यात मिनेगिशी आला.

"याला आडवा टाक रे. पाण्याकाठी पेला घेऊन बसता येईल."

"मालक, उभा होता त्याला आडवा पाडत नाहीत. दगड डूख धरतो."

"दगड? उद्या म्हणशील, जोडे घालण्याआधी त्यांनाही विचारा!"

गडी हसले. कुमाझोही हसला आणि त्याने मला तोंडावर पाडलं. मिनेगिशीला काही कळत नव्हतं, पण याला सगळं ठाऊक होतं. म्हणून याचा राग जास्त.

माझं तोंड चिखलात आणि पाठीवर मिनेगिशी! मी सूड घ्यायचं ठरवलं. दगडाला घाई नसते. बांबूच्या पन्हळीतून येणारं पाणी मी पोटाखाली वळवलं. त्याने माती खाल्ली, तळं गळू लागलं. कुमाझो शिव्या खात, भर थंडीत पुन्हापुन्हा माती धोपटत राही. त्याची बोटं फुटली. मला फार बरं वाटलं.

पाठीवर मी शेवाळ वाढू दिलं. सगळे त्याचं कौतुक करत. मेपलची पानं लाल झाली तेव्हा पाहुणे जमले. त्यांना नमस्कार करायला मिनेगिशी नव्या रेशमी कपड्यांत माझ्यावरून उठला आणि शेवाळावरून सटकन घसरून तळ्यात गेला. पाय मोडला.

काठावरून दुसरा दारूवाला ओरडला, "अहो मिनेगिशीसान, दारूत घालायचं पाणी इथूनच नेता वाटतं?"

दुसऱ्या दिवशी हुकूम सुटला, दगड फोडा. कुमाझोने घण उचलला. मी खरंच घाबरलो. पण त्याचा हात वरच थांबला.

"फोडतो, मालक. पण आत्ता चिडलेला एकच आहे. तुकडे झाले की पन्नास होतील."

ओसरीवर पडलेल्या मिनेगिशीने आपल्या बांधलेल्या पायाकडे पाहिलं. मग म्हणाला, "उभा कर मेल्याला."

कुमाझोने मला उभं केलं, पायाशी दारू ओतली आणि कपाळ जमिनीला टेकवलं. मी माफ केलं असं त्याला वाटतं. वाटू दे.

मित्रांनो, कुणालाही घरी आणाल तेव्हा तो आधी कसा उभा होता ते बघा. त्याची मान खाली दाबू नका. आता पाणी पुन्हा माझ्या तोंडावरून वाहतं. मी सुखात आहे. समोरून मिनेगिशी काठी टेकत लंगडत गेला, की जरा जास्तच.