अ‍ॅम्प्लिफायरच्या पोटात कुंकू

अरे थांबा, आधी ऐका, मग चहा सांगा.

मी अंबडला त्या छोट्या कंपनीत ट्रेनी आहे ना, लेसरने काचेला बारीक भोकं पाडायची मशीन बनवतो आम्ही. त्या मशीनचा जीव म्हणजे आतला अ‍ॅम्प्लिफायर. पिंके, तोंड वाकडं करू नकोस, सोप्पंय! पेठ नाक्यावरची जीप बघितलीस ना? दोन पॅसेंजर घेऊन निघते, पण जात नाही, तिथल्या तिथे फेऱ्या मारते. आत बसलेले बाहेरच्यांना हाका मारतात, ये रे, जागा हाय! फेरीगणिक गर्दी वाढतच जाते. तसंच हे. सेकंदाच्या अब्जाव्या भागाचे हजार तुकडे करा, त्यातले दोन-चार तुकडे टिकणारी उजेडाची एक मरतुकडी पल्स. ती आरशांच्या मध्ये ये-जा करते, वाटेत क्रिस्टल. क्रिस्टलमध्ये आधीच एनर्जी ठासून भरलेली. दर फेरीला पल्स ती उचलते, फुगते, मग दार उघडून बाहेर.

काय म्हणालास, एवढं फुगून फुटत नाही का? फुटतं ना, राकेश! क्रिस्टलच फुटतो. म्हणून पल्स आधी ताणून लांब करायची, मग फुगवायची, बाहेर आली की परत आवळायची. पण आत धुळीचा कण असला तर ताणूनही उपयोग नाही. तिथेच जळतं. आणि नवीन क्रिस्टल यायला चार महिने.

आता ऐका. खंडेनवमीला सगळ्या मशीनची पूजा. आमचे खंडेराव काका, देवळ्याचे, सगळ्यात जुने ऑपरेटर. ते म्हणाले, "पोरी, खरं काम तर ह्या डब्याच्या पोटातलं करतंय. त्यालाच कुंकू नाय व्हय?" मला काय वाटलं काय माहीत, भारीच वाटलं. मशीन बंद होतं. कव्हर काढलं, क्रिस्टलच्या पितळी होल्डरला कुंकवाचं एवढुस्सं बोट लावलं, कव्हर बंद. फोटोपण काढला!

आज सकाळी पुण्याचे पाहुणे येणार होते मशीन बघायला. जीवन सरांनी पूजेनंतर पहिल्यांदाच चालू केलं. करंट हळूहळू वाढवत नेला. वीस अँपिअर. एकवीस. आणि मला आठवलं, आत कोरडी हवा सोडतात. कुंकू उडून आरशांवर बसणार. बोलायचं होतं, पण ट्रेनिंग पुढच्या महिन्यात संपतंय, कायम करायचं की घरी पाठवायचं ते सरच ठरवणार. बावीस. स्क्रीनवरची पल्स वेडीवाकडी झाली. तेवीस.

मी ओरडले, "सर, बंद करा! आत कुंकू आहे!"

सरांनी लाल बटण दाबलं. एकदम शांत. सर म्हणाले, "कोणी लावलं?"

"मी लावलं साहेब," काका म्हणाले. खरंच! मान खाली घालून.

"नाही सर. मी."

सर काकांकडे बघतच नव्हते. "एकवीसला तुझा चेहरा पांढरा पडला होता. बोललीस तेवीसला. ते दोन अँपिअर कशासाठी गेले?"



त्यांनी फोन माझ्या हातात दिला. "पाहुणे सिन्नरला पोचलेत. तू सांग."

मी सांगितलं. पूजा, कुंकू, माझं बोट, सगळं. पलीकडून विचारलं, "क्रिस्टल गेला का?"

सर माझ्याकडे बघत होते. 'नाही हो, ठीक आहे' असं म्हणता आलं असतं.

"माहीत नाही सर. अजून उघडलं नाही. एक आरसा तरी जळला असणार."

"मग उघडू नका. आम्ही आल्यावर उघडा. बिघडल्यावर आत काय होतं, आम्हाला तेच बघायचंय."

सरांनी हातमोजे माझ्यापुढे टाकले. "घाल. उघडणार तूच."

तासभर मोजे घालून बसले होते मी त्या डब्यासमोर, काका शेजारी. पाहुणे आले. कव्हर काढलं. आरशावर टाचणीच्या डोक्याएवढा काळा डाग. क्रिस्टलवर टॉर्च मारला, इकडून, तिकडून, परत इकडून.

स्वच्छ होता गं! काकांनी हात जोडले, आणि सर म्हणाले, "काका, आता त्याला नमस्कारसुद्धा लांबूनच."

माझं? कायम करणार की नाही, ते काही बोलले नाहीत. नवीन आरसा बसवायला उद्या आठला मलाच बोलावलंय.