काल्त्सिदिसांची आंबट-काळी

वेर्गीस साहेब थेस्सालोनिकीहून आले तेव्हा स्मारो वेलींची छाटणी करून नुकतीच परतली होती. हात पुसत तिनं पिंपातून पेला भरला आणि त्यांच्यापुढे ठेवला. वेर्गीस म्हणजे वाईनच्या धंद्यातलं बडं प्रस्थ. वेर्मिओ डोंगराच्या पायथ्याला ज्याच्या वाईनला ते हो म्हणत, त्याचं घर वर आलं असं लोक धरून चालत.

त्यांनी घोट तोंडात घोळवला. मग आणखी एक पेला मागितला.

"इतकी वर्षं मी या रस्त्यानं जातोय, आणि तुम्ही हे इथं लपवून बसलाय?"

"लपवलं कुठं?" शेगडीपाशी बसलेली सासू एव्दोक्सिया म्हणाली. "तुमची गाडीच थांबत नव्हती."

मळा टेकडीच्या उतारावर, एवढासा. आजूबाजूच्यांनी जुन्या वेली उपटून फ्रेंच द्राक्षं लावली, तेव्हा स्मारोचे सासरे एकटेच अडून बसले होते. त्यांच्या द्राक्षाचं नावच क्सिनोमाव्रो, म्हणजे आंबट-काळी. तिची वाईन नवी असताना जीभ आवळून धरते. धीर धरणाऱ्यालाच ती कळते. सासरे गेल्यावर मळा आणि तळघर दोन्ही स्मारोनं अंगावर घेतलं.

"सगळी घेतो," वेर्गीस म्हणाले. "बाटल्या माझ्या, वर नाव माझ्या मळ्याचं. थोडी फ्रेंच मिसळू, म्हणजे आंबटपणा बोचणार नाही."

"आणि आमचं नाव?"

"काल्त्सिदिस कुणाला उच्चारता येणार आहे, बाई? परदेशी गिऱ्हाईक तिथंच अडखळतं."

"ज्याला प्यायचीय तो शिकेल," स्मारो म्हणाली. "आम्ही नाही का शिकलो फ्रेंच नावं? आणि मिसळायचं तर पाणी मिसळा, तुमच्या वाईनमध्ये."

नवरा प्रोद्रोमोस घाईनं मध्ये पडला. "साहेब, आम्ही जरा विचार करतो."

"विचार तू कर. माझं उत्तर देऊन झालंय."

वेर्गीस उठले. "दोन वर्षांत याचं व्हिनेगर होईल. तेव्हा मला फोन करू नका."

"झालं तर घेवड्यावर घालू," सासू म्हणाली. "आमच्याच घेवड्यावर."

गाडी गेल्यावर प्रोद्रोमोस फणफणला. "दारात आलेलं नशीब लाथाडलंस. आता ही वाईन काय डोक्यावर घेऊन विकणार आहेस?"

"डोक्यावर कशाला? टेम्पो आहे की."

मंगळवारी सकाळी स्मारो साठ बाटल्या घेऊन थेस्सालोनिकीला गेली. पहिल्या खानावळीत बाटली उघडलीसुद्धा नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या ठिकाणी उत्तर एकच, "आमच्याकडे वेर्गीसांची येते." चौथ्यानं चाखून तोंड वाकडं केलं. पाचव्याला आवडली, पण त्याला ती बिननावाची, सुरईतून वाढायला हवी होती. स्मारोनं बूच लावलं आणि बाटली काखेत मारून बाहेर पडली. टेम्पोत बसल्यावर मात्र तिनं मागच्या न खपलेल्या बाटल्यांकडे वळून पाहिलं. नवऱ्याचं म्हणणं खरं निघालं तर, हा विचार तिनं पहिल्यांदाच मनात येऊ दिला. मग टेम्पो सुरू केला.

सहावी खानावळ बाजाराच्या वरच्या अंगाला, कल्लिओपी नावाच्या जाडजूड बाईची. तिनं घोट घेतला आणि डोळे मिटले.

"बापरे, आंबट."

"नावातच आहे ते."

कल्लिओपीनं पातेल्यातला बकरीच्या मटणाचा तुकडा खाल्ला, पुन्हा घोट घेतला, पुन्हा तुकडा. "ही मटणाशी भांडते गं," ती म्हणाली. "बाकीच्या सगळ्या मुकाट बसतात. चोवीस ठेव."

तिनं लगेच फळ्यावर खडूनं काल्त्सिदिस नाव लिहिलं, तेही चुकीचं. स्मारोनं ते बाहीनं पुसलं, एकेक अक्षर ठसठशीत लिहिलं आणि कल्लिओपीकडून दोनदा म्हणवून घेतलं.

सुगीपर्यंत अशा तीन खानावळी झाल्या. अर्धी वाईन अजून तळघरातच होती. सासूचं ते घेवड्याचं बोलणं गावभर चेष्टेचा विषय झालं होतं. तेवढ्यात वेर्गीसांचा फोन आला. त्यांच्या नावाखाली बारीक अक्षरात काल्त्सिदिस छापायची त्यांची तयारी होती.

फोन प्रोद्रोमोसनं घेतला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं. दारात टोपली घेऊन उभ्या असलेल्या बायकोकडे त्यानं पाहिलं, पण तिला विचारलं नाही.

"नाव लांबलचक आहे, साहेब," तो म्हणाला. "बारीक अक्षरात मावायचं नाही."

फोन ठेवून तो तिच्यामागोमाग द्राक्षं तोडायला निघाला.