उपटलेला वेल

बाळांनो, जरा डोळे मिटा बघू. आता असं समजा की तुम्ही मीरा रोडला पूनम सागरमधल्या एका इमारतीच्या गच्चीवर उभे आहात. खाली रस्ता आहे, पण रिक्षांचे हॉर्न नाहीत. शाळेची बस नाही. भाजीची एकच गाडी, तीही गेटबाहेर, मध्ये दोरी बांधलेली. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या नाकातोंडावर कापड, आणि कोण हसतंय, कोण रागावलंय हे फक्त डोळ्यांवरून ओळखायचं. तुमच्यापैकी कितीतरी जण तेव्हा इतके लहान होते की यातलं काही आठवणार नाही. संघप्रियाला मात्र सगळं आठवतं. ती तेव्हा चौथीत होती आणि तिची शाळा मोबाइलमध्ये भरायची.

पण तिची खरी शाळा गच्चीवर होती. तिचे आजोबा, बापूराव, परभणीकडे शेतीखात्यात नोकरी करून निवृत्त झालेले. मुलाकडे राहायला आले तेव्हा येताना बियाणं घेऊन आले. गच्चीवर तुटक्या बादल्या, रंगाचे डबे, जुना टब, सगळ्यांत माती भरून त्यांनी चवळी, वांगी, दोडका लावला होता. संघू ऑनलाइन तास संपला की धावत वर यायची.

एकदा चवळीच्या शेंड्यांवर काळं काळं काहीतरी दाटलं. संघू जवळ जाऊन बघते, तर बारीक किडे, एकाला एक चिकटून.

"आजोबा, ईऽऽ! हे काय?"

"मावा. रस पितो झाडाचा."

"मग औषध मारा ना!"

"नाही मारायचं. थांबायचं." आजोबा बादली पालथी घालून तिच्यावर बसले. "आपण औषध मारलं तर मावा मरंल, आणि माव्याला खाणाराही मरंल. मग पुढच्या वेळी मावा दुप्पट. तू फक्त बघत राहा."

संघू रोज बघत राहिली. आणि एका सकाळी खरंच लाल पाठीवर काळे ठिपके असलेले ढालकिडे आले. त्यांनी मावा खाऊन चवळी स्वच्छ केली. संघूने त्यांचं चित्र काढून ऑनलाइन वर्गात दाखवलं, तेव्हा बाईंनी सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या.

"बघ," आजोबा म्हणाले, "निसर्गाचा तोल असतो. आपण मध्ये हात घातला नाही की तो आपला आपण सावरतो."

हाच तोल त्यांनी मग त्या वेळच्या साथीच्या रोगालाही लावला. सोसायटीचे सेक्रेटरी दिपेशभाई गच्चीवर पाण्याची टाकी बघायला यायचे आणि लांबूनच ओरडायचे, "बापूराव अंकल, मास्क! मास्क ऊपर करो!"

"अहो दिपेशभाई, इथं मी आणि माझी चवळी. चवळीला खोकला झालाय का?"

"नियम है, अंकल."

"आणि तुमचा तो नाकाच्या खाली आहे, त्याला काय म्हणायचं? नाकाला सूट आहे का?"

दिपेशभाई हसत मास्क वर ओढायचे आणि निघून जायचे. संघू पोट धरून हसायची. खरं सांगायचं तर आजोबांचं सगळंच चूक नव्हतं. उघड्या गच्चीवर एकट्या माणसाला मास्क कशाला, हा प्रश्न रास्तच होता. चहाच्या टपरीवर हनुवटीला अडकवलेले मास्क त्यांनी बघितले होते आणि लिफ्टमध्ये चौघं दाटीने उभे राहून खालचं बटण कोपराने दाबणारेही. पण मोकळ्या गच्चीवरचं बोलणं ते बंद खोलीत घेऊन आले. "माणसाच्या अंगातसुद्धा ढालकिडे असतात," ते जेवताना म्हणायचे. "त्यांना काम करू द्या. तोंडं बांधून काय होणार?"

आजी, वैजयंताबाई, भाकरी वाढता वाढता म्हणायची, "तुमच्या अंगात असतील ढालकिडे. माझ्या छातीत दमा आहे. मी आपली बांधते तोंड."

"बांध बाई. तुला कोण अडवतंय?"

संघूला वाटायचं, आजीला आजोबांचं म्हणणं नीट समजलेलं नाही. तिने चवळी बघितली नव्हती ना.

मग आली जयंती. चौदा एप्रिल. त्या वर्षी मिरवणूक नाही, विहारात गर्दी नाही. दुसरी लाट अगदी भरात होती. संघूचे पप्पा, लोकेश, म्हणाले, "या वर्षी घरातल्या घरात करू, आपण पाचजण." पण आजोबांनी खालच्या मजल्यावरच्या शेवंतीकाकूंना बोलावलं, त्यांच्याबरोबर त्यांचा मुलगा आणि सूनही आले. "वर्षाचा सण आहे, लोकेश. आपली माणसं आहेत. बाबासाहेबांच्या तसबिरीसमोर तिघं जास्त बसली तर काय होतंय?"

हॉलमध्ये मेणबत्त्या लागल्या. एसी चालू, म्हणून खिडक्या बंद. सगळे मास्क लावून बसले. बुद्धवंदना दरवर्षी आजी सांगायची, बाकीचे तिच्या मागून म्हणायचे. तिचा आवाज असा होता की शेवटच्या रांगेतल्या माणसालाही वाटावं, ही माझ्याच कानात बोलतेय. परभणीच्या विहारात लोक तिच्यासाठी थांबून राहायचे.

सगळ्यांनी हात जोडले, डोळे मिटले. आजीने सुरुवात केली. पण कापडातून आवाज येईना. शब्द ओले झाल्यासारखे आतल्या आत राहत होते. तिला धाप लागली, ती एका ओळीवर अडली, मागचे पुढे गेले आणि सगळं विस्कटलं.

"काढ की गं ते," आजोबा हलकेच म्हणाले. "वंदनेला तरी तोंड उघडं ठेव. घरचीच तर माणसं आहेत."

आजीने डोळे न उघडता मान हलवली. नाही. तिचे हात जोडलेले होते आणि तळव्यांमध्ये फुलं होती.

संघू आजीला खेटून बसली होती. तिचे डोळे उघडे होते. तिने हात वर केला, आजीच्या मास्कला बोट घातलं आणि तो हळूच खाली ओढून हनुवटीवर आणला. आजीने डोळे उघडून तिच्याकडे बघितलं. रागावली नाही. हसली, आणि पुढची ओळ म्हणाली.

आणि काय आवाज आला! सगळा हॉल भरून गेला. शेवंतीकाकूंनीही आपला मास्क काढला, मग त्यांच्या मुलाने, सुनेने, मम्मीने, आजोबांनी आणि संघूनेही. सगळे मोकळ्या गळ्याने म्हणू लागले. वंदना संपून पप्पांनी डोळे उघडले तेव्हा फक्त त्यांच्याच तोंडावर मास्क होता. त्यांनी आजोबांकडे बघितलं, पण सणाच्या दिवशी काही बोलले नाहीत. आजीच्या मास्कवर कुणाचं बोट गेलं होतं, हे आजोबांशिवाय कुणीच बघितलं नव्हतं.

त्या आठवड्यातच शेवंतीकाकूंच्या सुनेला ताप आला. मग आजोबांना आला, आणि दोन दिवसांत उतरलाही. "बघा, तोल!" ते पलंगावरून म्हणाले. मग आजीला आला. तो उतरला नाही. पप्पा दोन मोबाइल घेऊन खिडकीत उभे राहून बेडसाठी फोन करत राहिले, भाईंदर, वसई, ठाणे, जिथं मिळेल तिथं. शेवटी एक बेड मिळाला. आजी खुर्चीत बसून लिफ्टमधून खाली गेली. तिच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता, आणि तिला काही बोलायचं होतं ते कुणाला ऐकू आलं नाही.

ती परत आली नाही. घरीसुद्धा आणता आलं नाही तिला. पप्पा एकटे स्मशानात गेले, तेही डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या प्लॅस्टिकच्या कपड्यात. मरणानंतरचा जलदान विधीही मोबाइलवर झाला. भन्तेजी पडद्यावरच्या एका चौकोनात होते, परभणीचे नातेवाईक बाकीच्या चौकोनांत, आणि कुणाचा तरी आवाज सारखा अडकत होता.

त्या संध्याकाळी पप्पा आजोबांना म्हणाले, "झाला का तुमचा तोल, दादा?"

आजोबा उठायला लागले, पण पप्पा थांबले नाहीत.

"दम्याची बाई होती ती. सांभाळत होती स्वतःला. तुम्ही तिला भर बैठकीत म्हणालात, काढ. आणि तिने काढलं. आयुष्यभर तुमचं ऐकलं तिने, तेही ऐकलं."

संघू स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला ओरडून सांगावंसं वाटलं की आजीने ऐकलं नव्हतं. आजीने मान हलवली होती. पण तिने उजवा हात पाठीमागे लपवला. आजोबांनी एकदा, फक्त एकदा तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "हो रे बाबा. माझीच चूक."

त्यानंतर बापलेकांचं बोलणं बंद झालं. एकाच टेबलावर जेवायचे, पण मीठ हवं असलं तर मम्मीकडे मागायचे. संघूचं जेवण कमी झालं. मम्मीला वाटलं, आजीची आठवण येते. ती तर येतच होती. पण रात्री झोपताना ती आपलं उजव्या हाताचं बोट दुसऱ्या मुठीत गच्च धरून ठेवायची, हे कुणाला माहीत नव्हतं.

बंधनं सैल झाली, परभणीच्या गाड्या सुरू झाल्या, आणि आजोबांनी सांगितलं की ते गावी जाणार. कायमचे. पप्पांनी नको म्हटलं नाही.

निघायच्या दिवशी दुपारी आजोबांनी संघूला गच्चीवर बोलावलं. चवळी वाळून गेली होती, वांगी उभी होती.

"पाणी घालशील ना यांना?"

संघूने 'हो' म्हणून मान हलवली. मग एकदम म्हणाली, "आजोबा, मास्क तर मी ओढला."

"तू नाही ओढलास. मी जे शिकवलं, त्यानं ओढला तो."

"माझ्यामुळे आजी गेली का?"

आजोबा तिच्यासमोर उकिडवे बसले. "हे बघ संघू, तो आजार कुणाकडून आला, ते कुणीही सांगू शकणार नाही. शेवंतीबाईंकडून, माझ्याकडून, नाहीतर आधीच कुठून तरी आलेला असंल. मास्क असता तरी झाला असता कदाचित. आणि कदाचित नसताही झाला. हे 'कदाचित' आहे ना, ते माझं आहे. मी म्हातारा आहे, मी नेतो बरोबर. तुझ्यासारख्या लेकराचं ते ओझं नाही."

त्यांनी वांग्याचं एक पिवळं पान खुडलं.

"आणखी एक सांगायचं राहिलं. त्या वेळी गच्चीवर चवळीचे वेल चार होते. ढालकिडे यायच्या आधीच एक सुकून गेला. तू वर यायच्या आत मी तो उपटून कचऱ्यात टाकला, तुला वाईट वाटू नये म्हणून. तुला फक्त वाचलेले दाखवले." त्यांनी हातातलं पान मातीत दाबलं. "तोल येतो गं पोरी. पण तो तोल एकेक वेल ओळखत नाही. कोणता राहिला, कोणता गेला, त्याला काही नसतं. आपल्याला असतं. ते मी तुला शिकवायला हवं होतं."

मग डोळे पुसून म्हणाले, "पप्पाला काही सांगू नको. त्याला रागवायला एक माणूस पुरे आहे." "नाही सांगणार," असा संघूने शब्द दिला.

संध्याकाळी रिक्षा खाली आली. मम्मीने डब्यात भाकरी-पिठलं दिलं. आजोबांनी नाकावर नीट मास्क लावला, पिशवी उचलली, तसबिरीला हात जोडले. पप्पा सोफ्यावर बसून टीव्ही बघत होते. टीव्हीवर कसली तरी जाहिरात चालू होती.

"येतो," आजोबा म्हणाले.

"हं," पप्पा म्हणाले. त्यांनी मान वळवली नाही.

संघूला आजोबांना दिलेला शब्द आठवत होता. शब्द मोडायचा नसतो हेही तिला त्यांनीच शिकवलं होतं. ती धावत दारापाशी गेली, आजोबांच्या पिशवीचा बंद तिने दोन्ही हातांनी धरला, आणि सोडला नाही. "अगं, गाडी चुकेल," आजोबा म्हणाले. तिने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. बंद तसाच धरून ती पप्पांकडे वळली आणि म्हणाली, "पप्पा, आजीने नाही म्हटलं होतं." पप्पांनी टीव्ही बंद केला. मग संघू रडत रडत, मेणबत्त्या लावल्यापासून सगळं सांगू लागली.