वगळलेला संगणक

सकाळी साडेअकराला नोंदणीच्या टेबलावरच्या बाईंचा फोन आला. "मॅडम, फायलींची नावं आपोआप बदलतायत! मी हातसुद्धा लावलेला नाही हो!"

रुग्णालयाचं नेटवर्क तीच सांभाळायची. "आधी नेटवर्कची वायर उपटा," एवढं सांगून ती सर्व्हरच्या खोलीकडे धावली.

तिने फायरवॉलच्या, म्हणजे नेटवर्कच्या राखणदाराच्या, नोंदी पाहिल्या. फायलींना कुलूप लावणाऱ्या व्हायरसचा हल्ला एक्स-रे विभागातल्या जुन्या संगणकावरून पसरत होता. पाच महिन्यांपूर्वी अपडेट टाकल्यावर तिथलं यंत्र चालेना, म्हणून तो संगणक तिनेच अपडेटमधून वगळला होता. फायरवॉलमध्ये त्याला सूटही दिली होती, आठवड्यापुरती. पुढे ते राहूनच गेलं.

सगळं नेटवर्क तोडायला बोट पुढे गेलं आणि तिथंच थबकलं. ऑपरेशन थिएटरमध्ये तिची वहिनी नर्स होती. तिने फोन लावला.

"वहिनी, पडद्यावरचं स्कॅन गेलं तर चालेल?"

"वेड लागलंय का तुला? डॉक्टर त्यावर बघूनच मणक्यात स्क्रू बसवतायत!"

"अजून किती वेळ?"

"वीस मिनिटं तरी."

तेवढ्या वेळात हल्ल्यात स्कॅनचा सर्व्हरही गेला असता. मग एकच वाट उरली होती: थिएटर आणि स्कॅनचा सर्व्हर एवढाच रस्ता उघडा ठेवायचा, बाकी सगळे बंद. त्यांच्या नेटवर्कवरच्या पत्त्यातला एक आकडा चुकला तरी थिएटरमधला पडदा काळा. तिने आकडे मोठ्याने वाचले, पुन्हा वाचले आणि बटण दाबलं.

"वहिनी, आता बघ हं. चित्र आहे?"

पलीकडून नुसती यंत्राची टिकटिक.

"अगं वहिनी!"

"आहे. आहे गं, दिसतंय."

तशीच धावत ती एक्स-रे विभागात गेली. "पेशंट टेबलावर आहे," तंत्रज्ञ ओरडला, तरी तिने जुन्या संगणकाची नेटवर्कची वायर उपटलीच.

सगळ्या फायलींची आदल्या रात्री घेतलेली प्रत शाबूत होती. सकाळच्या नोंदी मात्र गेल्या. त्या हाताने लिहून काढाव्या लागल्या.

दुपारच्या बैठकीत मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, "हे कुणामुळे झालं?" सगळ्यांच्या नजरा नोंदणीवाल्या बाईंकडे वळल्या. बाई रडवेल्या झाल्या.

"त्यांचा काही संबंध नाही," ती म्हणाली. "सूट मी दिली होती. काढायची मीच विसरले."

मोठ्या डॉक्टरांनी तिच्यापुढे कागद सरकवला. "लेखी द्या," ते म्हणाले. "आणि असे आणखी किती संगणक वगळलेत, त्याची यादी संध्याकाळपर्यंत हवी."

बाहेर वहिनी उभी होती. "मणक्याचा पेशंट शुद्धीवर आलाय," तिने सांगितलं. "पाय हलवतोय."

ती बाकावर बसली आणि वगळलेल्या संगणकांची यादी लिहू लागली.